प्रमाण टायरची तिसरी फेरी

निवेदनाचा कच्चा खर्डा धाकट्या बहिणीने माझ्या पुढ्यात ठेवला आणि ती म्हणाली, "दादा, फक्त शुद्धलेखन बघ. बाकी काही बदलू नकोस."

शुक्रवारची दुपार होती. एकच पान होते, एका बाजूने लिहिलेले. बहीण एका रक्ततपासणी प्रयोगशाळेसाठी गाडी चालवते. रोज सकाळी डोंगरातल्या सहा दवाखान्यांत जाऊन तिथले नमुने थंड पेटीत भरायचे आणि दहाच्या आत प्रयोगशाळेत पोचवायचे, हे तिचे अकरा वर्षांचे काम. गाडी स्वतःची, त्यामुळे टायर कोणते घालायचे हेही तिनेच ठरवायचे. तीन आठवड्यांपूर्वी, ओल्या आणि बोचऱ्या थंडीच्या सकाळी, शेवटच्या दवाखान्याअलीकडच्या उतारावर दोन उभ्या गाड्यांच्या मधून एक पोस्टमन रस्त्यात आला. बहिणीने ब्रेक दाबला. गाडी थांबता थांबता घसरत गेली आणि त्याला लागली. त्याच्या नडगीचे हाड मोडले. तेव्हापासून प्रयोगशाळेने तिला गाडीवरून उतरवून बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायला बसवले होते. सोमवारी दुपारी बारापर्यंत तिने लेखी निवेदन द्यायचे होते, आणि ते वाचून तिला गाडीवर परत घ्यायचे की नाही हे ठरणार होते.

खर्ड्यातले शेवटचे वाक्य असे होते : 'रस्ता ओला असूनही मी वेग पुरेसा कमी केला नाही, चूक सर्वस्वी माझी आहे.'

"वेग किती होता?" मी विचारले.

"पुन्हा तेच?" ती म्हणाली. "अठ्ठेचाळीस. गाडीतल्या यंत्रात नोंद आहे. मर्यादा पन्नासची."

"मग चूक सर्वस्वी तुझी कशी?"

"तूच म्हणालास ना! दवाखान्याच्या व्हरांड्यात. मी रडत होते आणि तू मला थांबण्याच्या अंतराचं सूत्र समजावत होतास. रस्ता ओला असला की पन्नासचे चाळीस समजावेत, म्हणालास. मी काय, दहावीला गणितात काठावर पास. तू सांगितलंस म्हणजे तसंच असणार."

मेहुणे खिडकीपाशी बसून चष्मा पुसत होते. ते हसून म्हणाले, "तुमच्या घराण्यात रडू आलं की आधी सूत्र मांडतात, मग रुमाल शोधतात."

मी हसलो नाही. "रविवारपर्यंत हा कागद माझ्याकडे राहू दे," असे सांगून मी पान घडी करून खिशात ठेवले. शुद्धलेखनाची एकही चूक त्यात नव्हती.

मी तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि चौतीस वर्षे वाहन-चाचणी केंद्रात काढली. त्यांतली शेवटची एकोणीस टायर विभागात गेली. कोणतेही मोजमाप एका दशांश स्थळापर्यंत लिहिलेच पाहिजे, असा माझा आग्रह असल्याने हाताखालचे लोक मला माघारी 'दशांशसाहेब' म्हणत. पुढे पुढे समोरही म्हणू लागले. मला ते नाव आवडत असे, हे इथे कबूल केलेले बरे.

बहिणीच्या गाडीला घ टायर मीच ठरवून दिले होते. आम्ही तक्त्यांत कंपनीचे नाव न लिहिता अक्षरे लिहीत असू, ती सवय अजून आहे. मागच्या वर्षी तिने विचारले, "दादा, वर्षभर बदलावे लागणार नाहीत असे टायर हवेत. गॅरेजवाला म्हणतो, ताई, ख घ्या. डोंगरातले टॅक्सीवाले तेच वापरतात."

"गॅरेजवाल्याकडे आकडे आहेत का?" मी म्हणालो.

"त्याच्याकडे टॅक्सीवाले आहेत."

"टॅक्सीवाले म्हणजे आकडे नव्हेत."

मग मी तिच्यासाठी एक तक्ता केला. ऑल-सीझन टायर सर्व ऋतूंत चालतो याचा अर्थ तो सर्व ऋतूंत सारखा चालतो असा होत नाही. कोरड्या रस्त्यावर ज्याचे रबर घट्ट बसते तेच थंडीत आखडते, बर्फावर जो खोल खाचांनी पकड घेतो तोच उन्हाळ्यात गुरगुरतो आणि लवकर झिजतो. म्हणून आधी चालवणाऱ्याचा रस्ता पाहायचा आणि मग गुणांना वजन द्यायचे. धाकटीचा रस्ता मला पाठ होता : पहाटेची थंडी, सदा ओला उतार, वर्षातून चारसहा दिवस भुरभुर बर्फ. मी ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकला शंभरपैकी चाळीस गुण ठेवले, बर्फाला वीस, कोरड्या रस्त्याला वीस, झीज आणि आवाज यांना दहा-दहा. वजने बरोबर होती. आजही मी तीच देईन. त्या चाळीस गुणांच्या रकान्यात घ पहिला आला, आणि केवळ त्या रकान्याच्या जोरावर एकूणातही पहिला आला. बाकी सगळीकडे तो जेमतेम होता. आवाजात तर शेवटचा.

तो रकाना मी माझ्याच जुन्या चाचणीतून उतरवला होता.

ती चाचणी मी निवृत्तीच्या पाच आठवडे आधी घेतली होती. क, ख, ग, घ असे चार टायर. ओल्या ट्रॅकवर ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने येऊन ब्रेक दाबायचा आणि गाडी किती मीटरांत थांबते ते मोजायचे. पण ट्रॅक दिवसभर एकसारखा राहत नाही. ऊन पडते, पाणी कोमट होते, डांबर बदलते. म्हणून सकाळी, मध्ये आणि शेवटी एक ठरलेला टायर चढवून तीच फेरी घ्यावी लागते. त्याला आम्ही प्रमाण टायर म्हणतो. तो स्पर्धेत नसतो. ट्रॅक कसा आहे एवढेच तो सांगतो, आणि त्याच्या आकड्यावरून बाकीच्यांचे आकडे सुधारून घेतात. नवीन माणसाला हे मी पहिल्याच दिवशी शिकवत असे : प्रमाण टायर नसेल तर तुम्ही टायर मोजलेला नाही, हवामान मोजले आहे.

त्या दिवशी सकाळी ट्रॅक सहा अंशांवर होता. प्रमाण टायर चौतीस पूर्णांक सहा मीटरांत थांबला. मग क आणि ख. मग पुन्हा प्रमाण, चौतीस पूर्णांक चार. मग जेवणाची सुट्टी, आणि सुट्टीत ढग फाटून लख्ख ऊन पडले. त्यानंतर ग आणि सगळ्यांत शेवटी घ. घ एकतीस पूर्णांक नऊ मीटरांत थांबला, तेव्हा गाडी चालवणाऱ्या उस्तादाने खिडकीतून अंगठा वर केला. गाड्या थांबवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, म्हणून सगळे त्याला उस्तादच म्हणत.

राहिली होती प्रमाण टायरची तिसरी फेरी. चार चाके उतरवायची, प्रमाण टायरची चढवायची, हवा तपासायची, ट्रॅक पुन्हा भिजवायचा. पाऊण तास. पाण्याच्या टाकीवरचा माणूस घड्याळ बघत होता. मी सुद्धा. माझ्या टेबलावर निवृत्तीच्या आधी बंद करायच्या फाइलींची चळत होती आणि ही शेवटून दुसरी होती. मी उस्तादाला म्हणालो, "राहू दे, उद्या सकाळी घेऊ." दुसऱ्या दिवशी ट्रॅक ट्रकवाल्यांसाठी राखून ठेवलेला निघाला. मी तक्ता उघडला, आणि तिसऱ्या फेरीच्या चौकोनात चौतीस पूर्णांक पाच लिहिले. सहा आणि चार यांच्या बरोबर मधला आकडा. हस्ताक्षर नेहमीसारखेच, स्वच्छ.

उन्हाने ट्रॅक सुधारला होता आणि मी ते श्रेय टायरला दिले. तो तक्ता वाहनचालकांच्या एका मासिकात माझ्या नावानिशी छापून आला.

बहिणीसाठी आकडे उतरवताना मला हे आठवले नव्हते, असे म्हणणे फार सोयीचे आहे. खरे असे की घच्या ओळीवर पेन्सिल क्षणभर थांबली होती. मी स्वतःला सांगितले की फरक फार तर अर्ध्या मीटरचा असेल. अर्धा मीटर हा आकडा मी कुठून आणला, हे मी स्वतःला विचारले नाही.

अपघाताच्या दिवशी निरोप मिळताच मी दवाखान्यात धावलो. व्हरांड्यात बहीण भिंतीला टेकून उभी होती. मला पाहताच ती म्हणाली, "दादा, गाडी थांबलीच नाही रे." माझ्या डोक्यात त्या क्षणी तिसऱ्या फेरीचा चौकोन उभा राहिला. आणि माझ्या तोंडून निघाले, "वेग किती होता?"

शुक्रवारी संध्याकाळी मी उस्तादाच्या घरी गेलो. तो अजून केंद्रातच आहे, रविवारी सकाळी ट्रॅकची देखभालही त्याच्याकडेच असते. मी सगळे न सांगता एवढेच म्हणालो की दोन टायर पुन्हा मोजायचे आहेत.

"बोला साहेब, कुठले?"

"ख आणि घ. आणि प्रमाण टायर, आधी आणि नंतर, दोन्ही वेळा."

त्याने माझ्याकडे जरा टक लावून पाहिले. "नंतरसुद्धा? आता काय निवृत्तीनंतर शिस्त लागली का दशांशसाहेबांना?"

मग तो हळू आवाजात म्हणाला, "त्या दिवशी शेवटची फेरी झाली नव्हती. मी चालक होतो, मला कळणार नाही? मासिकात चौतीस पूर्णांक पाच वाचलं तेव्हा बायकोला म्हटलं, आमच्या साहेबांनी काहीतरी गणित घातलं असणार, आपल्या डोक्यावरून जाणारं."

"तू मला विचारलं का नाहीस?"

"तुम्हाला? तुमचा आकडा?" तो हसला. "साहेब, तुमच्या आकड्यावर आम्ही घड्याळं लावायचो."

शनिवारी मी केंद्रप्रमुखांकडून तासाभराची परवानगी मिळवली. गॅरेजमध्ये पडून असलेल्या धाकटीच्या गाडीचे घ टायर उतरवून घेतले, त्यांच्या खाचा मोजून झीज किरकोळ असल्याची खात्री केली आणि खचे नवे चार आणले. गॅरेजवाला चाके उचलून देताना म्हणाला, "शेवटी ख घेतलेत तर!" त्याने ते चांगल्या मनानेच म्हटले असावे.

रविवारी सकाळी ट्रॅकवर चार अंश होते. उस्तादाने पाणी सोडले. प्रमाण टायर चौतीस पूर्णांक नऊ. मग ख तेहतीस पूर्णांक चार. मग घ. मी कठड्यापाशी वही घेऊन उभा होतो. गाडी माझ्यासमोरून सरकत पुढे गेली आणि जिथे थांबेल असे मला वाटले त्याच्या बरीच पुढे थांबली. सदतीस. पुन्हा घेतली, छत्तीस पूर्णांक नऊ. पुन्हा, सदतीस पूर्णांक एक. शेवटी प्रमाण टायर पुन्हा चढवला. चाके बदलायला दोघांना पाऊण तास लागला, माझे हात गारठून गेले. पस्तीस मीटर. ट्रॅक तसाच होता. या वेळी शंकेला कुठे जागा नव्हती.

उस्ताद गाडीतून उतरून माझ्याजवळ आला. त्याने वहीत डोकावून पाहिले आणि विचारले, "साहेब, हे घ कुणाच्या गाडीचे?"

"बहिणीच्या."

तो नळी गुंडाळायला निघून गेला.

मी तिथेच कठड्यावर वही टेकवून बाकीचे गणित केले. ताशी ऐंशीला दोन टायरांत फरक तीन पूर्णांक सहा मीटर. ताशी अठ्ठेचाळीसला तोच फरक एक पूर्णांक तीन मीटर. गाडी थांबण्यापूर्वीच्या त्या सव्वा मीटरच्या सुरुवातीला तिचा वेग ताशी पंधरा किलोमीटर असतो. धाकटीने खर्ड्यात लिहिले होते की गाडी पोस्टमनला लागली आणि तिथेच थांबली, पुढे हातभरही गेली नाही. म्हणजे गाडीला जे अंतर कमी पडले ते सव्वा मीटरच्या आतच. ख असता तर पोस्टमन दचकला असता, त्याने चार शिव्या घातल्या असत्या आणि पुढच्या घरी पत्र टाकले असते.

दुपारी मी बहिणीकडे गेलो. ती स्वयंपाकघरात ताटे पुसत होती, मेहुणे टेबलावर वर्तमानपत्र वाचत होते. मी खर्डा टेबलावर ठेवला आणि त्याच्याशेजारी वही उघडून ठेवली.

"तपासलंस?" तिने विचारले.

"शेवटचं वाक्य खोटं आहे. ते काढ."

मी उभ्यानेच सगळे सांगितले. ढग फाटले तिथपासून, चळत, पाण्याच्या टाकीवरचा माणूस, चौतीस पूर्णांक पाच, पेन्सिल थांबली ते, आणि सकाळचे सहा आकडे. माझी सवय अशी की निष्कर्ष शेवटी सांगायचा. त्या दिवशी ती सवय मोडायला हवी होती, पण मोडली नाही. ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली आणि मी आकड्यांमागून आकडे सांगत राहिलो.

"थांब," ती म्हणाली. "म्हणजे टायर वाईट होते?"

"थंड ओल्या रस्त्यावर वाईट होते. आणि मी ते पहिल्या नंबराचे म्हणून तुला दिले."

"ते असू दे." तिने ताट खाली ठेवले. "व्हरांड्यात तुला हे माहीत होतं?"

हा प्रश्न येईल असे मला वाटले नव्हते. टायरांबद्दल विचारील, पोस्टमनबद्दल विचारील, याची तयारी मी करून आलो होतो.

"संशय होता," मी म्हणालो.

"संशय होता, आणि तू मला वेग विचारलास."

"हो."

"तीन आठवडे, दादा! तीन आठवडे मी रोज डोळे मिटले की तो उतार उतरतेय. चाळिसानं उतरून बघतेय. पस्तिसानं उतरून बघतेय. त्या माणसाच्या बायकोपुढे हात जोडून आले मी. आणि तू रोज संध्याकाळी फोन करून मला सांगत होतास, आता पुढच्या वेळी अंतर ठेव हं!"

मेहुणे नेहमी काहीतरी गमतीचे बोलून असे प्रसंग निभावून नेतात. या वेळी त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली आणि आणखी एक घडी केली.

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"किती?" ती म्हणाली. "सांग ना, किती चुकलं? एका दशांश स्थळापर्यंत सांग."

मग तिने खुर्ची ओढली, खर्डा पुढे घेतला आणि शेवटचे वाक्य आडव्या रेघेने खोडले. वरच्या ओळीत तिने लिहिले की वेग मर्यादेत होता आणि टायरांबाबतचे निवेदन सोबत जोडले आहे. मग एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला.

"लिही. तुझ्या सहीनं. माझ्यासाठी एक आणि त्या पोस्टमनसाठी एक. त्याला टपालानं पाठवायचं नाही, हातात नेऊन द्यायचं. तू."

"देतो."

मी लिहायला सुरुवात केली. दोन ओळी झाल्या असतील, तेवढ्यात ती एकदम म्हणाली, "तो तक्ता तर छापला होता ना?"

"हो."

"मग बाकीचे?"

"कोण बाकीचे?"

"तो वाचून ज्यांनी ज्यांनी घ घेतले ते. डोंगरातले, थंडीतले. किती जण असतील?"

मी लेखणी खाली ठेवली. मासिकाच्या प्रती किती निघत हे मला माहीत होते. टायर दर वर्षी किती विकला जातो हेही मी शोधून काढू शकलो असतो. पण तिच्या प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यांत नव्हते, आणि ज्या कोणाला तो सव्वा मीटर कमी पडला असेल त्याने स्वतःलाच दोष देऊन कुठेतरी सही केली असेल, हे मला पहिल्यांदाच दिसले. तीन आठवडे मी एकाच गाडीचा विचार करत होतो.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"बघ," ती म्हणाली, आणि पुन्हा ताटे पुसू लागली.

सोमवारी सकाळी मी माझे निवेदन घेऊन तिच्या दारात उभा राहिलो. प्रयोगशाळेत तिच्यासोबत जावे आणि विचारले तर समजावून सांगावे, असा माझा बेत होता. तिने कागद घेतला, दारातच उभे राहून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, आणि पिशवीत ठेवला.

"तू येऊ नकोस," ती म्हणाली. "तू आलास की तूच बोलशील."

"त्यांनी तांत्रिक काही विचारलं तर?"

"तर सांगेन, दादाला विचारून सांगते. तुला अजून दादाच म्हणतेय, एवढं पुरे आहे ना आज?"

ती जिना उतरून गेली. रविवारीच खचे नवे टायर चढवून मी आणून ठेवलेली गाडी खाली उभी होती, पण तिने तिच्याकडे पाहिलेही नाही. पायीच गेली.

मी तिथून पोस्टमनच्या घरी गेलो. तो प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून बसला होता. त्याने माझा कागद दोनदा वाचला आणि तिसऱ्यांदा फक्त खालची सही पाहिली. "म्हणजे ताईंची चूक नव्हती?" त्याने विचारले. "नव्हती," मी म्हटले. "मी त्यांना बरंच बोललो होतो," तो म्हणाला, आणि कागद घडी न करता तसाच उशीखाली ठेवला. मला त्याने बसा म्हटले नाही.

घरी येऊन मी मासिकाच्या संपादकांना आणि चाचणी केंद्राला पत्र लिहायला बसलो. चाचणीची तारीख, ट्रॅकचे तापमान, फेऱ्यांचा क्रम, सगळे जसे घडले तसे लिहिले. पत्रासोबत जुना तक्ता पुन्हा आखला. पहिली फेरी, चौतीस पूर्णांक सहा. दुसरी फेरी, चौतीस पूर्णांक चार. तिसऱ्या फेरीच्या चौकोनापाशी आलो तेव्हा हात सवयीने पुढे सरकला. मी तो आवरला, आणि चौकोन रिकामा ठेवून त्याखाली लिहिले : 'ही फेरी घेतलेली नाही. म्हणून ग आणि घ या टायरांचे ओल्या रस्त्यावरचे आकडे ग्राह्य धरू नयेत.'

फोन वाजला तेव्हा बारा वाजून गेले होते. धाकटीचा नंबर होता. मी लेखणी खाली ठेवली आणि फोन उचलला.

"दादा," ती म्हणाली, "प्रयोगशाळेतले विचारतायत, बाकीच्यांना कळवलं का?"

"लिहितोय," मी म्हणालो.

"मग लिही," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.